सनीसाइड गार्डन्स की फॉरेस्ट हिल्स गार्डन्स?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात झाडीतले घर शोधणाऱ्यांपुढे ही दोन नावे हमखास येतात. दोन्ही वसाहतींवर इंग्लंडमधील उद्यान-नगरांच्या, म्हणजे घरे आणि हिरवळ एकत्र आखलेल्या वसाहतींच्या, कल्पनेची छाप आहे. मात्र उंबरठ्याबाहेर हुकमत कोणाची, याबाबत त्या अगदी वेगळ्या आहेत, आणि माझ्या मते घर घेताना किमतीइतकाच विचार या गोष्टीचाही करायला हवा.

सनीसाइड गार्डन्स ही वसाहत १९२४ ते १९२८ या काळात क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांच्या आराखड्यानुसार, बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी उभी राहिली. विटांची साधी, एकमेकांना लागून असलेली घरे आणि त्यांच्या पाठीमागे सामायिक हिरवळ, अशी तिची मूळ रचना आहे. प्रत्येकाच्या परसाचा मधला भाग सर्वांसाठी मोकळा ठेवण्याचे बंधन चाळीस वर्षांचे होते. १९६०च्या दशकात ते संपल्यावर काहींनी कुंपणे घातली, तर काही ठिकाणी हिरवळ अजूनही सलग राहिली आहे. त्यामुळे घर पाहायला गेल्यावर दिवाणखान्याच्या आधी मागचे दार उघडावे आणि समोर जाळी येते की नजर थेट पलीकडच्या घरांपर्यंत जाते, ते पाहावे. २००७ पासून ही वसाहत शहराच्या संरक्षित वारसा क्षेत्रात असल्याने दर्शनी खिडक्या बदलायलासुद्धा वारसा आयोगाची परवानगी लागते. रस्ते मात्र शहराचे आहेत, म्हणजे गाडीसाठी जागा शोधत फिरणे आलेच.

फॉरेस्ट हिल्स गार्डन्सची सुरुवात १९०९ मध्ये रसेल सेज फाउंडेशन या समाजसेवी संस्थेने केली. इमारतींचे काम ग्रॉव्हनर ॲटरबरी यांच्याकडे, तर रस्त्यांची आणि बागांची आखणी धाकटे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडे होती. लाल कौले, ट्यूडर म्हणजे जुन्या इंग्लिश धाटणीची घरे आणि विटांनी फरसबंद केलेला स्टेशन स्क्वेअर पाहिल्यावर मन मोहून जाते, यात शंका नाही. पण येथील रस्ते खासगी आहेत, कारभार रहिवाशांच्या कॉर्पोरेशनकडे आहे, तिची वार्षिक आकारणी भरावी लागते आणि घराच्या बाह्यरूपावर खरेदीखतातील अटींचे बंधन असते. परवाना नसलेल्या गाडीला जॅमर लागू शकतो, तेव्हा वरचेवर पाहुणे येणाऱ्या घराने याचा आधीच विचार केलेला बरा. १९७७ पर्यंत जेथे यूएस ओपन होत असे, त्या टेनिस स्टेडियममध्ये आता उन्हाळ्यात संगीताचे मोठे जलसे होतात; जवळच्या गल्लीतले घर घ्यायचे असेल, तर अशा एखाद्या संध्याकाळी तेथे जाऊन यावे.

प्रवासात फॉरेस्ट हिल्स सरस ठरते, कारण तेथे ई आणि एफ या मेट्रोच्या जलद गाड्या तर आहेतच, शिवाय लाँग आयलंड रेलरोडचे स्थानक थेट वसाहतीच्या तोंडाशी आहे. सनीसाइडची सारी भिस्त ७ क्रमांकाच्या मेट्रोवर आहे. पण तीच गाडी एकीकडे मॅनहॅटनला, तर दुसरीकडे जॅक्सन हाइट्सच्या भारतीय किराणा दुकानांकडे आणि पुढे फ्लशिंगला नेते, जेथील गणेश मंदिर मराठी कुटुंबांना ठाऊक असतेच.

ऐपत असेल आणि शिस्तीचा जाच वाटत नसेल, तर फॉरेस्ट हिल्स घ्यावे. लहान मुले असलेल्या, पगारावर कर्ज फेडणाऱ्या कुटुंबाला मी सनीसाइडच सुचवेन, तेही हिरवळ सलग राहिलेल्या ठिकाणीच. घर कोठेही घ्या, विसार देण्यापूर्वी खरेदीखतातील अटी वकिलाकडून वाचून घ्याव्यात आणि आधीच्या मालकाने बाहेरून केलेल्या बदलांची परवानगीपत्रे मागावीत.