बीपीटीसाठी बोन सेट: रंगवलेला नको, साधाच घ्या

फिजिओथेरपीच्या पदवीला, म्हणजे बीपीटीला, ॲडमिशन झाली की पहिल्याच आठवड्यात ॲनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) तासाला प्रश्न उभा राहतो: बोन सेट, म्हणजे अभ्यासाच्या हाडांचा संच, कुठून घ्यायचा? मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून प्लॅस्टिकचा हाफ सेट घेतला, साधारण साडेपाच हजारांना. आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि सेट अजून रोज टेबलावर असतो, म्हणून नव्या बॅचसाठी लिहिते.

हाफ सेट म्हणजे कवटी, सगळे मणके, स्टर्नम (छातीच्या मधलं हाड) आणि एकाच बाजूच्या बरगड्या, हात नि पाय. शरीरात हाडं २०६ असली तरी डावी-उजवी वेगवेगळी पाठ करायची नसतात, त्यामुळे फुल सेटवर पैसे घालायची गरज नाही. अडचण एकच. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हाड हातात दिलं की पहिला प्रश्न ‘साइड सांग’ हा असतो आणि हाफ सेटमधलं प्रत्येक हाड एकाच बाजूचं! आम्ही रूममेटनी मिळून हे सोडवलं. मी उजव्या बाजूचा सेट घेतला, तिने डाव्या. रात्री जेवण झालं की दोन्ही फिब्युला (पोटरीतलं बाहेरचं बारीक हाड) चादरीखाली ठेवायच्या आणि हाताने चाचपून बाजू सांगायची. फिब्युला जमली की बाकीची हाडं सोपी वाटतात.

दुकानदार रंगवलेला सेट पुढे करतात. त्यावर स्नायूची ओरिजिन (जिथून तो सुरू होतो ती जागा) लाल आणि इन्सर्शन (जिथे तो जाऊन जोडला जातो) निळ्या रंगात दाखवलेली असते. दिसायला देखणा, किंमतही जास्त. माझं स्पष्ट मत आहे, तो घेऊ नका. रंग दिसला की डोळा रंगच वाचतो, बोट हाडावर फिरतच नाही. आपल्याला पुढे पेशंटच्या कातडीखालचं हाड बोटांनी शोधायचं आहे, तिथे लाल-निळं काही नसतं. साध्या सेटवर ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मागची तिरकी खाच मी अंगठ्याने इतक्यांदा घासली की तिथून रेडियल नर्व्ह ही नस जाते आणि तिला इजा झाली की मनगट लुळं पडतं, हे पुन्हा पाठ करावं लागलं नाही. मामाचा मुलगा गंगावेशीकडे तालमीत जातो. सुट्टीत त्याच्या खांद्यावर क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) चाचपत टोकापर्यंत गेले आणि ॲक्रोमियनचा (खांद्याच्या पात्याच्या टोकाचा) सांधा बरोबर सापडला, तेव्हा झालेला आनंद सांगता येत नाही. पैलवानाच्या खांद्यावर मांस काय कमी असतं!

आता प्लॅस्टिक कुठे कमी पडतं ते. खरा स्कॅप्युला (खांद्याचं पातं) उजेडासमोर धरला तर मधला पातळ भाग अर्धपारदर्शक दिसतो. आमच्या सेटमधला सगळीकडे सारखाच जाड आहे. क्लॅव्हिकलच्या खालच्या बाजूची सबक्लेव्हियस स्नायूची खाच नीट उठलेली नाही आणि बाजू ओळखायला तीच लागते. फीमर (मांडीचं हाड) पोकळ असल्याने हलका लागतो. मणके मात्र चांगले निघाले. मानेच्या सातही मणक्यांना बाजूची भोकं स्वच्छ आहेत, पहिल्या मणक्याला बॉडी (पुढचा जाड भाग) नाही हेही हातात घेतल्यावर लगेच कळतं. तरीही डिसेक्शन (शवविच्छेदन) हॉलमधल्या खऱ्या हाडांवर बसणं चुकवू नका, परीक्षक तीच समोर ठेवतात. ती हाडं कुणाच्या तरी शरीराची आहेत, तेव्हा हाताळतानाही तेवढा मान राखा. एके काळी जगभरच्या मेडिकल कॉलेजांना मानवी सांगाडे भारतातून जायचे. १९८५ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. आपल्याला शिकायला आज चांगलं प्लॅस्टिक मिळतंय, ही मला मोठी गोष्ट वाटते.

घेताना तीन गोष्टी दुकानातच बघा. कवटीची टोपी निघते का आणि जबड्याची स्प्रिंग घट्ट आहे का. दुसरं, हाताची नि पायाची हाडं दोरीत ओवलेली असतात, ती दोरी नायलॉनची आहे का. मनगटातली आठ हाडं सुटली तर पिसिफॉर्म वाटाण्याएवढं, हरवलंच समजा. तिसरं, ओवलेल्या हातात मनगटाची स्कॅफॉइड आणि ल्युनेट ही हाडं एकमेकांच्या जागी तर गेलेली नाहीत ना, हे पुस्तकातलं चित्र शेजारी धरून तपासा. मला दाखवलेल्या एका सेटमध्ये ती उलटी होती, मी तो परत देऊन दुसरा मागितला.

सीनियरकडून जुना मिळाला तर अर्ध्या किमतीत घ्या, प्लॅस्टिक झिजत नाही. फक्त कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, उकळत्या पाण्याने बरगड्या वाकतात.