हागुरो पर्वताच्या पायथ्याशी एक मुक्काम: त्सुरुओकातील शुकुबो आणि तिथले जेवण

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी आईला घेऊन यामागाता प्रांतातील त्सुरुओकाला गेले, ते मुख्यतः जेवणासाठी. आई चातुर्मास पाळते, त्यामुळे मांस-मासळीबरोबरच कांदा, लसूण आणि वांगे हेही त्या चार महिन्यांत तिला वर्ज्य असते. जपानमध्ये भाजीच्या साध्या सुपातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, म्हणून टोकियोत तिला बाहेर कुठेही नि:शंक मनाने खाऊ घालणे मला जमले नव्हते. त्सुरुओका हे खाद्यसंस्कृतीसाठी युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत 2014 मध्ये समाविष्ट झालेले जपानमधील पहिले शहर. तिथल्या देवस्थानांच्या परिसरात शोजिन रयोरी, म्हणजे व्रतस्थांचे शाकाहारी जेवण, आजही रोज रांधले जाते.

टोकियोहून निगातापर्यंत शिंकान्सेन आणि पुढे समुद्रकिनाऱ्याने जाणारी इनाहो गाडी, असा सुमारे चार तासांचा प्रवास आहे. स्थानकावरून बसने हागुरोच्या पायथ्याच्या तोगे या वस्तीत पोहोचता येते. मात्र बस मोजक्याच आहेत आणि एक चुकली की बराच वेळ तिष्ठावे लागते. या वस्तीत यामाबुशी, म्हणजे पर्वतांत तप करणारे साधक, यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना उतरवून घेत आली आहेत. या निवासांना शुकुबो म्हणतात. आमच्या शुकुबोत दोन जेवणांसह एका रात्रीचे माणशी सुमारे 12,000 येन पडले. खोल्यांमध्ये कागदी सरकती दारे, जमिनीवर गाद्या आणि सामाईक स्नानगृह. शेजारच्या खोलीतले बोलणे स्पष्ट ऐकू येत होते. आईच्या गुडघ्यांचा त्रास पाहून यजमानीणबाईंनी न मागता तिच्यासाठी उंच मेज आणि खुर्ची आणून दिली.

संध्याकाळचे ताट मी विसरणार नाही. तीळ वाटून, कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वाने थापलेले गोमा दोफू इथे गोडसर दाट रसासह देतात; जिभेवर ते खरवसाइतके मऊ विरते आणि मागे भाजलेल्या तिळाचा गंध उरतो. गास्सान पर्वतावरचे बारीक बांबूचे कोंब आणि रानभाज्या त्याच्याबरोबर होत्या. इथे हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडते, म्हणून वसंतातील रानभाज्या मिठात घालून किंवा वाळवून वर्षभर पुरवण्याची रीत आहे, आणि त्या खारवण्यामुळेच त्यांना ताज्या भाजीत नसलेली खोल चव येते. सुपाचा अर्क कोंबू या समुद्री वनस्पतीचा आणि शिताके अळंब्यांचा होता. दादाचामामे या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, ज्यांच्या नावातील ‘दादाचा’ म्हणजे स्थानिक बोलीत वडील, ऑगस्टमध्येच भरात असतात. उकडल्यावर त्यांना भाजलेल्या मक्यासारखा वास येतो आणि आईने त्या दोनदा मागून घेतल्या. तिने फक्त मिंदेन जातीच्या छोट्या गोल वांग्यांचे लोणचे बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ताटात त्या जागी काकडी होती, आणि आम्ही त्याविषयी कोणालाही काही बोललो नव्हतो.

सकाळी आम्ही हागुरोच्या 2,446 दगडी पायऱ्यांच्या वाटेला लागलो. ही वाट आधी खाली उतरते, लाल पुलावरून ओढा ओलांडते आणि मग देवदारांसारख्या उंच सुगी वृक्षांत शिरते. तिथेच रंग न लावलेला, सुमारे 29 मीटर उंचीचा पाच मजली लाकडी पॅगोडा उभा आहे. तिथवर आई सहज चालली. पुढची चढण टाळून ती मागे फिरली आणि पायथ्यापासून बसने शिखरावर आली. वर हागुरो, गास्सान आणि युदोनो या तिन्ही पर्वतांच्या देवतांचे एकत्र देऊळ आहे, कारण गास्सान आणि युदोनो हिवाळ्यात बर्फाखाली बंद असतात. त्याचे गवती छप्पर दोन मीटरांहून जाड आहे.

शाकाहारी मराठी प्रवाशांना मी हे ठिकाण आवर्जून सुचवेन, पण एक गोष्ट आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावी: सर्वच शुकुबो पूर्ण शाकाहारी जेवण देत नाहीत, काही ठिकाणी ताटात मासा असतो. ‘माशाचा अर्कही नको’ हे जपानीत लिहून जवळ ठेवावे, कारण शहरातल्या एका खानावळीत आम्हाला भाजीचे म्हणून दिलेले सूप तसेच परत करावे लागले. आणि रोख रक्कम बरोबर असू द्यावी. आम्ही मुक्कामाचे पैसे रोखीनेच दिले.