शेतातच खोडांची कुट्टी : रावेर-यावल पट्ट्यातील भाड्याच्या श्रेडरसेवेचे परीक्षण

केळीच्या बागेतील शेवटचा घड उतरला, की जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात उरलेल्या खोडांचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी सुमारे 1740 झाडे बसतात आणि कापणीनंतर तितकीच पाण्याने भरलेली जड खोडे शेतात शिल्लक राहतात. मजूर लावून ती बांधावर किंवा नाल्याकाठी नेऊन टाकायची आणि उन्हाने वाळली की पेटवून द्यायची, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. अलीकडे मात्र ट्रॅक्टरवर चालणारा श्रेडर शेतात आणून खोडांची जागच्या जागी कुट्टी करून देणारे व्यावसायिक या भागात मिळू लागले आहेत. अशाच एका सेवेकडून मी यंदा संपलेली पीलबाग (जुन्या झाडाच्या बुंध्यातून फुटलेल्या पिलांवर घेतलेले केळीचे पुढचे पीक) मोकळी करून घेतली. काम चांगले झाले आणि मी या सेवेची शिफारस करतो. मात्र काही बाबतींत सेवा देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही अधिक काळजी घ्यायला हवी.

प्रथम कुट्टीचा दर्जा. यंत्र ओळीवरून पुढे गेल्यावर मागे पडलेला थर मी हातात घेऊन पाहिला. खोडाच्या वरच्या भागाचे पापुद्रे सुटून त्यांचे बोटभर लांबीचे ओले तुकडे झाले होते, तर जमिनीलगतच्या जाड बुंध्याचे तुकडे बरेच मोठे, मुठीएवढे राहिले होते. चालकाने वेग कमी करून त्याच ओळीवरून दुसरी फेरी मारल्यावर तेही बारीक झाले. खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्यामुळे हा थर सुरुवातीला चिखलासारखा दिसतो, परंतु खान्देशातील मे महिन्याच्या उन्हात तो लवकर आटतो आणि जमिनीवर तपकिरी आच्छादन शिल्लक राहते. ‘भाऊ, उद्याच रोटाव्हेटर मारून देतो,’ असे चालकाने सुचवले होते, पण मी ते थांबवले. आच्छादन जमिनीवर असेपर्यंत खालची माती तापत नाही आणि ओलावा टिकतो. वळवाचा पाऊस पडल्यावर, वापसा (मशागतीजोगा ओलावा) पाहून ते मातीत मिसळणे मला अधिक योग्य वाटते.

या सेवेची जाहिरात ‘एका दिवसात शेत मोकळे’ अशी केली जाते. माझ्या मते तिचे खरे मोल मातीत राहणाऱ्या पालाशात, म्हणजे पोटॅश या अन्नद्रव्यात आहे. केळीला झाडामागे 200 ग्रॅम पालाश देण्याची शिफारस धरली, तर एकरी जवळपास 350 किलो पालाश, म्हणजे साठ टक्के पालाश असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या 50 किलोच्या अकरा ते बारा गोण्या लागतात. आणि हे खत आपल्या देशात जवळजवळ पूर्णपणे आयात होते. झाडाने उचललेल्या पालाशाचा एक भाग घडाबरोबर बाजारात जातो, पण मोठा वाटा खोडात आणि पानांतच राहतो. खोडे नाल्यात टाकणारा शेतकरी विकत घेतलेले खतच नाल्यात टाकत असतो. एका कुट्टीने खताच्या गोण्या लगेच निम्म्या होतील, असा दावा मी करणार नाही. माती परीक्षण करून, त्यानुसार पुढील लागवडीचा डोस हळूहळू कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

किडीच्या दृष्टीनेही हे काम उपयोगी आहे. खोड पोखरणारा सोंड्या भुंगा कापून टाकलेल्या, सडत चाललेल्या खोडांत वाढतो आणि तेथून शेजारच्या उभ्या बागेत जातो, त्यामुळे बांधावरचे ढीग त्याला आयतेच आश्रय देतात. बारीक कुट्टी होऊन वाळली की त्याला थारा राहत नाही. मात्र याच ठिकाणी माझा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. यंत्र माझ्या शेतात आले तेव्हा त्याच्या पात्यांवर आणि ट्रॅक्टरच्या चाकांवर आधीच्या शेतातील माती व खोडाचे तंतू तसेच चिकटलेले होते. मर रोगाची बुरशी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि अशाच चिकटलेल्या मातीतून प्रवास करते. तिच्या ज्या प्रकाराने बिहारमधील बागांचे नुकसान केले, तो आपल्याकडे सर्वत्र लावल्या जाणाऱ्या ग्रँड नैन या वाणालाही सोडत नाही. मी आग्रह धरल्यावर बांधाबाहेरच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने यंत्र धुतले गेले, परंतु हे ग्राहकाने सांगण्याची वेळ येता कामा नये. मर रोगाची शंका असलेल्या बागेत तर हे यंत्र मुळीच घालू नये.

दुसरी काळजी शेतकऱ्याने स्वतः घ्यायची आहे. घडांवर चढवलेल्या संरक्षक पिशव्या (स्कर्टिंग बॅगा) आणि झाडांना आधारासाठी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आधी वेचून घेतल्या नाहीत, तर श्रेडर त्यांचेही तुकडे करतो आणि ते तुकडे नंतर मातीतून वेगळे करणे अशक्य होते. आमच्या सालदाराने ओळीओळीने फिरून पट्ट्या कापून गोळा केल्या, तरी पानांखाली दबलेली एक पट्टी पात्यांच्या दांड्याला गुंडाळली गेली आणि ती सोडवेपर्यंत काम थांबले. ठिबकच्या नळ्याही आधीच गुंडाळून बाजूला ठेवाव्यात.

दराबाबत माझे मत स्पष्ट आहे. ही सेवा तासावर पैसे घेते. त्यामुळे दाट, जाड खोडांच्या बागेत खर्चाचा अंदाज बांधता येत नाही आणि बारीक कुट्टीसाठी दुसरी फेरी मागताना शेतकरी कचरतो. दोन फेऱ्या गृहीत धरून एकरी दर ठरवला, तर दोघांचाही हिशेब चोख राहील. वेळ मात्र ठरल्याप्रमाणे पाळली गेली, आणि जमीन ओली असताना काम न करण्याचा चालकाचा निर्णय मला विशेष आवडला. आमच्या काळ्या जमिनीत ओल्यावर ट्रॅक्टर फिरला की ती दबून घट्ट होते.

पुढील पील ठेवायचे असेल तेथे ही सेवा घेऊ नये. तेथे घड कापल्यावर खोड काही काळ उभे ठेवले, तर त्यातील अन्नांश पिलाला मिळतो. धाग्यासाठी खोडे विकण्याचा पर्यायही आहे, पण मग पालाश शेताबाहेर जातो. नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत तयार केले आहे. धागा काढणाऱ्याकडून तो रस परत मिळण्याची सोय असेल, तरच हा सौदा मला पटेल.

हेच यंत्र कपाशीच्या पऱ्हाट्यांनाही, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या झाडांनाही चालते. फरदड (हंगामानंतरही झाडे उभी ठेवून घेतलेला जादा कापूस) न घेता हंगाम वेळेत संपवून पऱ्हाट्यांची कुट्टी केली, तर किडक्या बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडतो. बांधावर सरपणासाठी रचलेल्या गंजीत ती सुखाने पुढच्या हंगामापर्यंत टिकते. पऱ्हाटी लाकडासारखी कडक असल्याने तिला कुजायला वेळ लागतो, म्हणून ती बारीक होणे अधिक गरजेचे आहे. माझ्या कपाशीसाठी मी याच सेवेला डिसेंबरअखेरचे सांगून ठेवले आहे. दर एकरावर ठरवला आहे आणि यंत्र धुऊनच शेतात आणायचे, हेही आधीच कबूल करून घेतले आहे.