अमेरिकन रॉक गायक क्रिस कॉर्नेल ऐकाचा आहे, सुरुवात कुठून करावं? ओरिजिनल, लाईव्ह कव्हर (म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात) का दुसऱ्यासोबतची गाणी

गावात जेवढी रेंज मिळते तेवढ्यात त्याचं एकच काही डाऊनलोड करायचं असंल तर मी म्हणतो २०११ चा 'सॉन्गबुक' अल्बम घे भाऊ, बाकी मागून. एकटा माणूस, गिटार आन समोर पब्लिक, अमेरिका-कॅनडाच्या टूरमधलं लाईव्ह रेकॉर्डिंग आहे, त्यात त्याचं स्वतःचं 'ब्लॅक होल सन' आहे, 'लाईक अ स्टोन' आहे आन लेड झेपलिन बँडचं 'थँक यू'पण, म्हणजे ओरिजिनल आन कव्हर दोन्ही एकाच जागी कानावरून जाते.

सरळ त्याच्या बँडच्या, साउंडगार्डनच्या, १९९४ च्या 'सुपरअननोन' अल्बमले हात घातला तर भजनात वाढलेल्या कानाले आधी गिटारचा गोंगाटच लागते, आवाजापर्यंत पोचाले टाईम लागते. पण तू तबला-ढोलकी वाजवत असशील तर तिथूनच सुरू कर, काहून का 'स्पूनमॅन' सात मात्रांवर चालते, रूपक बसलेला हात आपोआप मांडीवर पडते, आन त्यात आर्टिस नावाचा रस्त्यावर वाजवणारा कलाकार खरोखरचे चमचे वाजवते. लय भारी!

कव्हरमध्ये माझा जीव 'वन'वर. यू-टू बँडचं 'वन' वेगळं, मेटॅलिका बँडचं 'वन' वेगळं, यानं चाल यू-टूची घेतली आन शब्द मेटॅलिकाचे, लढाईत हातपाय, डोळे, वाचा सगळंच गेलेल्या सैनिकाचे, त्या संथ चालीत ते शब्द मूळ गाण्यापेक्षा जास्त टोचतात. मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'चं २००७ चं कव्हर तसंच, नाचायची बीटच काढून टाकली. मात्र पब्लिकनं मोबाईलवर काढलेली लाईव्ह रेकॉर्डिंग असली का आवाज कधी फाटते, ते चालवून घ्यावं लागते.

पाहुणा म्हणून गायलेली, गिटारवाल्या स्लॅशसोबतचं 'प्रॉमिस' का गिटारवाल्याच सांतानासोबतचं 'होल लॉटा लव्ह', दोन्ही २०१० ची, चांगली आहेत पण ती सगळ्यात शेवटी ठेव. फक्त 'हंगर स्ट्राईक' सोडून. कॉर्नेलचा रूममेट, गायक अँड्र्यू वूड १९९० मध्ये गेला, त्याच्या आठवणीत कॉर्नेलनं 'टेम्पल ऑफ द डॉग' नावाचा बँड उभा केला, १९९१ मध्ये हे गाणं असलेला अल्बम आला, तवा त्यात सोबत गायलेल्या एडी व्हेडरले (पुढं पर्ल जॅम बँडचा गायक) बाहेर कोणी ओळखत नव्हतं. खालचा सूर व्हेडरचा, वरचा याचा. मोबाईलच्या स्पीकरवर व्हेडरचा सूर अर्धा गायब होते, म्हणून हे एक गाणं तरी इअरफोन लावूनच ऐकजो.