चेक इंजिनची लाईट: स्कॅनर बरा की मेकॅनिकचा कान?
लाईट पेटली असेल तर आधी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनरच (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावा. माझ्या 2014 च्या पेट्रोल गाडीत पी0301 कोड आला, म्हणजे एक नंबर सिलिंडर मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही, मग त्याची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणारी) काढून दोन नंबरला लावली तर कोड पी0302 झाला, म्हणजे कॉइलच गेलेली, विषय संपला. पण स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाकडून कट-कट येतंय ते स्कॅनरला कळतच नाही हो, तिथे जुना मेकॅनिकच पाहिजे, तो एक चक्कर मारतो, खाली वाकतो आणि एक्सलच्या सांध्यावरचं फाटलेलं रबर बूट (कव्हर), रिमच्या आतून उडालेलं ग्रीस बोटाने दाखवतो. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर दोन्ही राहू द्या, गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.