ब्रुकनरची ट्रॉम्बोनसाथीची मोटेट: आपल्या गायकवृंदासाठी कोणते निवडावे?

एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रियन संगीतकार अंतोन ब्रुकनरची बरीचशी लॅटिन मोटेट (धार्मिक शब्दांवरच्या छोट्या वृंदगान-रचना) वाद्यांच्या साथीशिवाय गायली जातात. त्यामुळे ट्रॉम्बोन या पितळी वाद्यासह त्याची एखादी छोटी रचना सादर करू इच्छिणाऱ्या गायकवृंदापुढे मुख्यतः तीन पर्याय उरतात: ‘आफेरेंतुर रेगी’ (१८६१), ‘इन्वेनी दाविद’ (१८६८) आणि ‘एक्चे साचेर्दोस माग्नुस’ (१८८५).

यांत सर्वांत भव्य, आणि माझ्या मते सर्वांत थोर, ‘एक्चे साचेर्दोस’ आहे. ऑस्ट्रियातील लिंझ धर्मप्रांताच्या शताब्दीनिमित्त लिहिलेली आणि बिशपच्या आगमनप्रसंगी गायचे शब्द असलेली ही रचना आठ भागांचा (म्हणजे एकाच वेळी आठ वेगळ्या सुरावटी गाणारा) स्त्री-पुरुषांचा मिश्र गायकवृंद, तीन ट्रॉम्बोन आणि ऑर्गन यांच्यासाठी आहे. ‘इदेओ युरेयुरांदो’ हे ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, आणि त्यात स्वरसंघ (एकत्र गायलेले अनेक स्वर) एकमेकांपासून दूरच्या स्वरांवर झेप घेत चढत जातात, तेव्हा ब्रुकनरच्या सिंफनींतले सारे सामर्थ्य काही क्षणांत एकवटल्यासारखे वाटते. त्यानंतर ‘ग्लोरिया पात्री’ हा भाग ग्रेगोरियन गायनाच्या, म्हणजे चर्चच्या प्राचीन एकसुरी गायनाच्या, धर्तीवर एकसुरात येतो, आणि आधीच्या गर्जनेमुळेच त्याचा साधेपणा मनाला भिडतो. मात्र ट्रॉम्बोन आणि ऑर्गन पूर्ण जोरात वाजत असताना आठही भाग स्पष्ट ऐकू यायला हवेत. प्रत्येक भागाला तीन-चारच गायक मिळत असतील आणि वरच्या पट्टीतले सोप्रानो (सर्वांत उंच स्त्री-आवाज) लवकर थकत असतील, तर या रचनेचा मोह टाळावा, कारण ओरडून गायलेल्या ध्रुवपदात भव्यता राहत नाही.

अशा वृंदासाठी ‘आफेरेंतुर रेगी’ हाच योग्य पर्याय होय. फा मेजरमधील ही दोनेक मिनिटांची चार भागांची रचना आहे, आणि तिच्यातील ऑर्गन व तीन ट्रॉम्बोनची साथ ऐच्छिक आहे. ऑस्ट्रियातील चर्चसंगीतात आल्टो (खालचा स्त्री-आवाज), टेनर (उंच पुरुषी आवाज) आणि बास (खर्जातला पुरुषी आवाज) यांना ट्रॉम्बोनने आधार देण्याची जुनी प्रथा होती, हे ध्यानात ठेवून वादकांना गायकांच्या श्वासाबरोबर आणि त्यांच्याहून किंचित हळू आवाजात वाजवायला सांगावे. ऐन वेळी वादक आले नाहीत तरी कार्यक्रम अडत नाही, ही सोय लहान वृंदाने कमी लेखू नये.

‘इन्वेनी दाविद’ केवळ पुरुषांच्या वृंदासाठी आहे. लिंझच्या ‘फ्रोझिन’ या गायनमंडळासाठी, ब्रुकनर स्वतः त्याचा संचालक असताना, हे लिहिले गेले. चार ट्रॉम्बोन आणि चार पुरुषी भाग एकाच खालच्या पट्टीत एकत्र येतात. त्यामुळे नाद गडद होतो, पण दीर्घ घुमणाऱ्या सभागृहात शब्द सहज बुडतात. उत्तम टेनर असतील तरच हे घ्यावे.

मिश्र वृंद मोठा असेल, ऑर्गन उपलब्ध असेल आणि तालमींना पुरेसा अवधी असेल, तर मी निःसंकोचपणे ‘एक्चे साचेर्दोस’ सुचवेन. तालमीची सुरुवात मात्र ट्रॉम्बोनशिवाय, ध्रुवपदातील स्वरसंघ अगदी हळू आवाजात सुरेल लावून करावी, आणि तो पाया पक्का झाल्यावरच वादकांना बोलवावे.