चेनकव्हरचं रबरी बूच मी काढलंच नाही

जुनी गाडी घेताना कागदपत्रांच्या बाबतीत मी फार काटेकोर. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी बघितलं, चासी नंबर पुसून ताडून पाहिला, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर बसवून घेतल्या. आणि फसलो चेनमध्ये.

हडपसरच्या एका एजंटाकडची १२५ सीसी मोटरसायकल. पूर्ण चेनकव्हर, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. "चेन आत्ताच टाइट करून ऑइल मारून घेतलीय, काही बघायला नको," तो म्हणाला. मी विचारलंही नव्हतं! कान तिथेच टवकारायला हवे होते. चक्कर मारली तीही एकट्याने, सपाट रस्त्यावर, अर्धा किलोमीटर. आवाज शून्य. मी खूश.

तीन आठवड्यांनी बायकोला मागे बसवून सासवडला निघालो. दिवे घाटात चढावर ॲक्सिलरेटर पिळला की मागून कटाकट आवाज आणि गाडीला हिसका. चेन दातांवरून उडत होती. बायको उतरून पुढे चालायला लागली, एक शब्द न बोलता.

सासवडच्या फिटरने कव्हर उतरवलं आणि हसला. चेन ताणायला चाक मागे सरकवतात त्या ॲडजस्टरची खूण अगदी पुढे, नव्या चेनला असते तशी. म्हणजे मी ती बघितली असती तरी गाडी चांगलीच वाटली असती! त्याने बोट ठेवून दाखवलं: चेनच्या दोन कड्या कापल्या होत्या. दोन कड्या म्हणजे साधारण एक इंच चेन कमी, चाक अर्धा इंच पुढे, आणि झिजून ताणलेली चेन कागदावर तरुण. चेनची टोकं जोडणारं एक लॉकसुद्धा उलटं बसवलेलं. त्याची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला हवी, नाहीतर ते निसटू शकतं. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरते त्या दातेरी चक्राचे) दात कोयत्याच्या टोकासारखे वाकडे. खडखड लपवायला चेन इतकी आवळली होती की तिला ढील म्हणून नव्हतीच. माणूस बसला की मागचा शॉकअप दबतो, चेन आणखी ताणते, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. माझंही बेअरिंग वाजायला लागलं होतं. ते बदलायचं तर इंजिन खोलावं लागतं. चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) परवडला, हे नाही परवडलं.

आता मी काय करतो ते सांगतो. इंजिन बंद (चालू इंजिनावर चेनजवळ बोट नेऊ नका, बोटं जातात), मेन स्टँड, न्यूट्रल. कव्हरच्या खालच्या बाजूचं रबरी बूच काढायचं आणि दोन स्प्रॉकेटच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करायची. माझ्या गाडीच्या पुस्तकात ही ढील २० ते ३० मिमी दिलीय. तुमच्या गाडीचा आकडा तिच्याच पुस्तकात बघा. मग चाक थोडं थोडं फिरवून पुन्हा मोजायचं. एका जागी ढिली आणि एका जागी ताठ लागली, तर चेन असमान झिजलीय, ॲडजस्ट करून सुधारणार नाही. विकणारा तयार असेल तर कव्हर उतरवून मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून बघायची. दाताचा अर्धा भाग उघडा पडला की चेनसेट संपला. आणि लॉक एकच आहे ना, तेही बघायचं. माझ्या कापून जोडलेल्या चेनला दोन होती.

ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, ॲक्सलचं नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजायची. ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यामुळे ब्रेकही नव्याने लावावा लागतो; हे गॅरेजवालेही विसरतात.

एजंटाला फोन केला. म्हणाला, "दादा, गाडी घेताना चालवून बघितलीत ना तुम्ही?" बघितली होती. अर्धा किलोमीटर.